एकाहत्तर अंश

माणूस खोटं बोलणार असला की आधी म्हणतो, ‘खरं सांगू का.’ हे मी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. सरकारी दवाखान्यात मी हाडांचे फोटो काढायचे. टेबलावर आडवा झालेला माणूस कण्हत कण्हत म्हणायचा, “खरं सांगू का मॅडम, गाडी उभीच होती हो,” आणि फोटोत बघावं तर नडगीचे तीन तुकडे. बोल बाबा, बोल, असं मनात म्हणायचे आणि पुढचा नंबर पुकारायचे.

तर मी संशयी बाई आहे. वैजयंता निकम, राहणार गोडोली, सातारा. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मी जुन्या कार्बनच्या सायकली तपासायचं दुकान टाकलं. डोंगरातल्या सायकलींची हल्ली इकडे नुसती जत्रा आहे. यवतेश्वर म्हणू नका, कास म्हणू नका, जिकडे बघाल तिकडे हेल्मेटवाले. नवी कार्बनची फ्रेम परवडत नाही म्हणून सगळे जुनी शोधतात, आणि जुनी घ्यायची म्हटलं की माझ्याकडे येतात. मी फ्रेम विकत घेते, तपासते, दुरुस्त करते आणि मगच पुढे विकते. तपासल्याशिवाय माझ्या दुकानातून एकही फ्रेम आजवर बाहेर गेलेली नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

कार्बन फसवा असतो. लोखंड वाकतं, पोचा पडतो, बघणाऱ्याला कळतं. कार्बनमध्ये केसाहून बारीक काळे धागे राळेत घट्ट बसवलेले असतात. आतले धागे तुटले तरी वरचा रंग चकचकीतच राहतो, आणि मग एक दिवस भर उतारावर सायकलीचे दोन तुकडे होतात. पूर्वी आम्ही फ्रेम स्पिरिटने पुसायचो, तिरपी बॅटरी मारून तडे शोधायचो आणि पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्यानं नळीवर ठोकत जायचो. माठ घेताना वाजवून बघतो ना, तसं. चांगल्या जागी टणटण आवाज यायचा, आतून सुटलेल्या जागी ठप्प. अजूनही मी नाणं वाजवतेच. माझा मशीनवरही फार विश्वास नाही.

पण मशीन आलं आणि धंदा बदलला. चार-पाच भयानक अपघात झाले, कायदा झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या कार्बन फ्रेममध्ये स्मृतिसूत घालतात. हे एक वेगळ्या जातीचं सूत. फ्रेमला ताण बसला किंवा धक्का लागला की त्या जागी त्याच्यातले बारीक स्फटिक सरकतात आणि सरकलेलेच राहतात. फ्रेमच्याच कंपनांवर चार्ज होऊन महिनोन्‌महिने चालणारं तांदळाच्या दाण्याएवढं घड्याळ त्याला जोडलेलं असतं. त्यामुळे धक्का कधी बसला, कुठे बसला, किती जोराचा होता आणि तेव्हा सीटवर किती वजन होतं, एवढं सगळं फ्रेमच्या पोटात लिहिलं जातं. ते वाचायचं यंत्र फक्त परवाना असलेल्या तपासनिसाकडे असतं आणि त्याच्या सहीचा दाखला कोर्टातसुद्धा चालतो. लोक ह्या वाचनाला पत्रिका म्हणतात. लग्नात पत्रिका बघायचं बऱ्याच घरांनी सोडलं, पण फ्रेमची पत्रिका बघितल्याशिवाय कुणी हात लावत नाही.

ह्याच फेब्रुवारीत पुण्याहून एक गॉगलवाले गृहस्थ आले होते. “खरं सांगू का काकू, ही मी फक्त ऑफिसला जाण्यासाठी वापरली.” मी यंत्राचे दोन चिमटे लावले आणि पत्रिका काढली. म्हटलं, “ऑफिसला जाताना दीड मीटरवरून उडी मारावी लागते का हो तुम्हाला? तीही दर रविवारी?” गृहस्थांनी गॉगल काढून पुसला, पुन्हा घातला आणि मी सांगितलेल्या भावात फ्रेम देऊन गेले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे भट्टी. माझ्या दुकानात कपाटाएवढी भट्टी आहे. आजकालच्या राळेत औषधाचे बारीक फुगे असतात. फ्रेम एकशे दहा अंशांपर्यंत तापवली की ते फुटतात, औषध तड्यांत शिरतं आणि तडे भरून येतात. पण नव्वद अंशांच्या पुढे स्मृतिसुताचे स्फटिकही जागच्या जागी परत जातात. म्हणजे फ्रेम बरी होते आणि सगळं विसरते. ह्यातून लबाडी होऊ नये म्हणून भट्टीच आपली नोंद ठेवते आणि फ्रेम किती अंशांपर्यंत तापवली हे दाखल्याच्या शेवटच्या ओळीत आपोआप छापलं जातं. भट्टीतली फ्रेम निम्म्या भावात जाते. का तापवली असेल, काय लपवलं असेल, ह्या विचारानं गिऱ्हाईक बिचकतं. बिचकायलाच हवं.

मार्चमधल्या एका शनिवारी माझा मुलगा अन्वय पुण्याहून आला. एकुलता एक. बावधनला फ्लॅट, मोठ्या कंपनीत नोकरी. गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली फ्रेम होती. चाकं, हँडल सगळं काढलेलं.

“सावनीची आहे,” तो म्हणाला. “गुडघे दुखतात तिचे. सायकल नुसती दाराशी पडून होती. तीच म्हणाली, आईंकडे देऊन टाक.”

सावनी म्हणजे माझी सून. लग्नाआधीच, पहिल्या बोनसमधून तिनं ही सायकल घेतली होती. यवतेश्वरच्या चढाला अन्वय धापा टाकत थांबायचा आणि ही वर पोचून चहा पीत बसलेली असायची. मला तेव्हा गंमत वाटायची. पण गेल्या वर्षापासून पोरगी बदलली होती. फोन केला तर हो-नाही एवढंच बोलायची. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. दिवाळीला तर आलीच नाही. मी तिच्यावर ‘आखडू’ असा शिक्का मारून मोकळी झाले होते.

“पत्रिकाबित्रिका काढू नकोस हं आई,” अन्वय थालीपीठ खाता खाता म्हणाला. “घरची तर आहे. थेट भट्टीत टाक आणि विकून टाक.”

“अरे, भट्टीतली म्हटलं की निम्मा भाव येईल.”

“येऊ दे ना. किती दिवस घरात ठेवायची?”

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माझा मुलगा कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा, तो म्हणतो निम्मा भाव येऊ दे. इथं पाणी मुरतंय. पण माझा संशय बघा कुठं गेला. मला वाटलं, सावनी कुठंतरी जोरात आपटली असणार, फ्रेम आतून फुटली असणार आणि हा बायकोला पाठीशी घालतोय. लेकावर संशय घ्यायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एक वाजता तो गेला. दीड वाजता मी चिमटे लावले.

आधी फ्रेम चांगली पुसून, बॅटरी मारून, नाणं वाजवून घेतली. सगळीकडे टणटण. सांधे उत्तम, कुठं घासलेलं नाही, सीटच्या नळीत मातीचा कण नाही. सावनीनं सायकल फार जपली होती. मग पत्रिकेचं छोटं वाचन केलं, त्याला दहा मिनिटं लागतात. पहिली तीन वर्षं झकास. रविवारी सकाळी चार-चार तास रपेट, एकही मोठी पडझड नाही. गेल्या जूनपासून रपेट कमी कमी होत गेली आणि नोव्हेंबरनंतर बंदच. आणि त्याच जूनपासून अकरा मोठे धक्के. अकराही वेळा सायकल उभी होती. अकराही वेळा सीटवर वजन शून्य. वेळ संध्याकाळी सात ते नऊच्या मधली.

सायकलीवर कुणी बसलेलं नाही आणि तिला इतक्या जोराचा धक्का बसतो कसा? मी अन्वयला फोन लावला. तो खंबाटकीच्या बोगद्याशी पोचला होता. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे साहेब निवांत होते.

“मी सांगितलं होतं ना, काढू नकोस म्हणून,” तो म्हणाला. आवाज एकदम चढला. मग हसला. “अगं आई, नारळ तो!”

“कसला नारळ?”

“आम्ही दर अमावास्येला घरावरून नारळ उतरवून दाराशी फोडतो. गेल्या जूनमध्ये ऑफिसात माझ्यामागे कटकटी लागल्या होत्या ना, तेव्हापासून. सायकल तिथंच उंबऱ्यापाशी भिंतीला टेकवलेली असते. जोरात आपटल्यावर तिला हिसका बसणारच की!”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पोरगा देवाधर्माला लागला म्हणून बरं वाटलं, आणि सावनीबद्दल उगाच वाईट विचार केला म्हणून थोडी लाजही वाटली. “बरं बाबा, टाकते भट्टीत,” म्हटलं आणि हसतच फोन ठेवला. फ्रेम भट्टीत टांगली, दार लावलं, बटण दाबलं. काचेवर लाल आकडे चढायला लागले. तेहतीस. चौतीस.

आता गंमत अशी की हात रिकामे झाले की मला चैन पडत नाही. दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, आणि त्याच खिळ्याला त्याच्याखाली गेल्या वर्षाचंही लटकलेलं आहे. म्हटलं, सहज बघू या. खोटं सांगतोय असं वाटलं म्हणून नव्हे. सवय.

मधलीच एक तारीख आधी बघितली, दोन ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या. बरोब्बर! मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. म्हटलं, वैजयंताबाई, पोटच्या पोराची तरी उलटतपासणी घेऊ नका. आकडा अडतीसवर होता.

मग अठरा जून बघितली. एकादशी.

असेल, नारळ आणायला विसरले असतील. चोवीस जुलै. संकष्टी. पंधरा ऑगस्टला ना अमावास्या ना पौर्णिमा. मी चष्मा पुसला आणि बोट ठेवून ठेवून बघायला लागले. बाकी एकही तारीख जुळेना. आकडा बावन्नवर गेला होता.

दोन नोव्हेंबर. दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते. त्या दिवशी अन्वयनं फोन करून सांगितलं होतं की सावनीची पाठ धरलीय, आम्ही काही येत नाही. आणि मी म्हटलं होतं, ऐन सणाला बरी हिची पाठ धरते.

साठ.

खालचं कॅलेंडर सोडलं आणि वरचं, ह्या वर्षाचं धरलं. जानेवारी एकोणीस. त्या चौकोनात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘डोळा, तिसरा दिवस’.

सतरा जानेवारीला पुण्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी आठ दिवस त्यांच्याकडे राहिले होते. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधून मी हॉलमध्ये मालिका ऐकत बसले होते. दाराकडे धाडकन आवाज झाला. मी विचारलं, “काय गं पडलं?” अन्वय तिकडूनच म्हणाला, “काही नाही आई. सावनी सायकलला धडकली. लक्षच नसतं हिचं.” दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तेलात हळद गरम केली आणि तिच्या खांद्याला लावली. ती माझ्यापुढे पाटावर बसली होती. खांद्याच्या मागे हातभर काळंनिळं झालेलं होतं.

अठ्ठावीस वर्षं माझ्या टेबलावर बायका यायच्या. जिन्यावरून पडले, न्हाणीघरात घसरले, दार लागलं. फोटो हातात येण्याआधी मला कळायचं. सिस्टरला खुणेनं सांगायचे की नवऱ्याला बाहेर बसव. आणि इथं, माझ्या घरात, माझ्या सुनेच्या पाठीला मी हळद लावली आणि म्हटलं, “बघून चालत जा गं बाई.”

मी भट्टीकडे वळले. एकोणसत्तर. सत्तर.

खरं सांगू का... बघा, मीसुद्धा तसंच म्हणाले. पण हे खरंच खरं आहे. मी भट्टीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि उघडलं नाही. अजून वीस अंश, म्हणजे पाच-सात मिनिटांचं काम. मग त्या फ्रेममध्ये काही उरणार नव्हतं. अन्वय माझा मुलगा आहे. बाप गेल्यावर दहावीच्या परीक्षेला एकटा जाऊन आलेला, मला ताप आला की रात्रभर पायाशी बसणारा. त्याच्या हातात बेड्या दिसल्या मला. मी मुठीला धरूनच उभी राहिले. नुसतं उभं राहायचं होतं. दुसरं काहीच करायचं नव्हतं.

एकाहत्तर आकडा पडला आणि मी दार ओढलं. गरम हवा तोंडावर आली. हातमोजे घालायचं भान राहिलं नाही, तशीच फ्रेम ओढून काढली आणि ओल्या फडक्यावर ठेवली. तळहाताला फोड आले. येऊ देत.

संध्याकाळी अन्वयचा फोन आला. “टाकलीस का गं?”

आता ह्याला जाब विचारावा, शिव्या द्याव्यात, रडावं, सगळं ओठावर आलं होतं. पण तो घरी पोचला होता आणि सावनी त्याच्यासमोर होती. मी इथून जे बोलणार त्याचा राग तिथं निघाला असता.

“टाकली,” मी म्हटलं. “झाली सगळी साफ.”

“थँक्यू आई. तू ना, आईच आहेस खरी.”

मी फोन ठेवला आणि यंत्राचे चिमटे पुन्हा फ्रेमला लावले.

पत्रिकेचं मोठं वाचन करायला वीस तास लागतात. त्यात धक्क्याचा आकार कळतो, किती वजनाची वस्तू आदळली आणि ती टणक होती की मऊ हेही कळतं. रविवारभर मी यंत्रापाशी बसून होते. शेजारच्या जोशीबाई विचारायला आल्या, म्हणाल्या, “दुकानाला सुट्टी ना आज?” मी म्हटलं, “मोठं गिऱ्हाईक आहे.” दारावर कुणाचीही सावली पडली की मी फ्रेमवर चादर ओढायची. अन्वय परत आला तर? त्याला शंका आली असली तर? माझा मुलगा येईल म्हणून दाराला आतून कडी घालून बसायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी कागद निघाला. नारळासारखी टणक, गोल वस्तू असती तर खूण बारीक, खोल आली असती, आणि तीसुद्धा खाली, चाकाकडून. इथं अकराच्या अकरा खुणा वरच्या नळीवर होत्या, रुंद आणि बोथट. यंत्रानं शेजारी लिहिलं होतं: मऊ वस्तू, अंदाजे वजन बावन्न किलो, वेग चालत्या माणसाच्या दुप्पट. बावन्न किलोचं माणूस एवढ्या वेगानं आपण होऊन भिंतीकडे जात नाही. कुणीतरी ढकलावं लागतं.

मी खाली सही केली. परवाना क्रमांक घातला. मग तारखा पुन्हा एकदा ताडून बघितल्या.

सोमवारी सकाळी अन्वय ऑफिसला गेला असणार अशी वेळ साधून मी पुण्याची बस पकडली. फ्रेम गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, काय तानपुरा आहे का?” म्हटलं, “हो. बेसूर झालाय.” दोन किलोसुद्धा वजन नव्हतं त्या फ्रेमचं, पण स्वारगेटपर्यंत माझे दोन्ही पाय मुंग्या येऊन बधिर झाले.

बावधनला लिफ्टमधून वर गेले आणि बेल वाजवली. बराच वेळ कुणी येईना. मग दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून सावनीचा अर्धा चेहरा दिसला.

“आई? अन्वय घरी नाही.”

“तुझ्याकडेच आलेय.”

तिनं साखळी काढली नाही. माझ्याकडे, गोधडीकडे, पुन्हा माझ्याकडे बघितलं. “त्यानं पाठवलं का तुम्हाला?”

“नाही गं.”

“शनिवारी फोन स्पीकरवर होता,” ती म्हणाली. “सगळी साफ झाली म्हणालात. मी समोरच होते.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“त्याला खोटं सांगितलं,” मी म्हटलं आणि फटीतून दाखल्याचा कागद आत सरकवला. “वाच.”

दार लागलं. मी बाहेर उभी. शेजारच्या फ्लॅटमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तीन झाल्या, चार झाल्या. मग साखळीचा आवाज आला आणि दार पूर्ण उघडलं. उंबऱ्याच्या आत, भिंतीपाशी, सायकलीच्या दोन चाकांचे डाग होते. सावनी कागद हातात धरून तिथंच उभी होती.

“अकरा,” ती म्हणाली. “मला नऊच वेळा आठवत होत्या.”

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले, ती मागे सरकली. बरोबरच होतं तिचं.

“गुडघे दुखत नाहीत माझे,” ती म्हणाली. “सायकल विकायची हे मीच काढलं. तो ऑनलाइन टाकणार होता. मी म्हटलं, बाहेर कुणीही पत्रिका काढेल, त्यापेक्षा आईंकडे दे. घरातलं त्या बाहेर जाऊ देणार नाहीत. ते त्याला लगेच पटलं.”

“आणि तुला काय वाटत होतं?”

“तुम्ही त्या गॉगलवाल्याची गोष्ट सांगितली होतीत ना फोनवर, हसत हसत. तेव्हा वाटलं, ह्या जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतात. घरात एकदा घेतील का?” तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “तोंडानं सांगितलं असतं तर तुम्ही आधी त्याला विचारलं असतंत.”

“विचारलंच,” मी म्हटलं. “कागद हातात असूनही त्यालाच विचारलं. तो नारळ म्हणाला, मी नारळ मानला. चुकलं माझं सावनी. त्या दिवशी हळद लावताना...”

“त्या दिवशी मला वाटलं होतं, आता विचारतील.”

मला रडू आवरेना. तिनं मला रडू दिलं. बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. मग म्हणाली, “भट्टीत टाकलीत असं ऐकलं तेव्हा मला कळलं की मला इथं कुणी नाही. काल दिवसभर मी हेच धरून चालले होते. आज खरं कोणतं मानू?”

खोटं सांगणं फार सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

“टाकली होती,” मी म्हटलं. “त्याच्यावर विश्वास ठेवून टाकली. आणि तारखा बघितल्यावर, सगळं कळल्यावरसुद्धा, दाराला हात लावून उभी राहिले. उघडलं नाही लगेच. मुलगा आठवत होता.”

ती माझ्याकडे बघत राहिली.

“मग काढली. शेवटच्या ओळीत छापलंय ते.”

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला आणि अगदी खालची ओळ वाचली. दोनदा वाचली.

“एकाहत्तर,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि पुसायला नव्वद लागतात.”

“हो.”

आत बेडरूमच्या दारापाशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. किती दिवसांच्या, कुणास ठाऊक. “मी नाशिकला ताईकडे जाणारेय,” ती म्हणाली. “पण आधी इथल्या पोलीस स्टेशनला. साताऱ्याला येणार नाही मी. तुमच्याकडे तो कधीही येईल, आणि तुम्ही त्याला दार उघडाल.”

खरंच उघडलं असतं मी. “पोलीस स्टेशनला मी येऊ का?” विचारलं. “सही माझी आहे. ती माझीच आहे, हे तिथं मलाच सांगावं लागेल.”

“त्याच्याविरुद्ध?”

“हो. त्याच्याविरुद्ध.”

मी खरं बोलतेय की नाही, हे ती पारखून बघत होती आणि मी हलले नाही. मग तिनं कागद आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन ओढली, पायात चपला सरकवल्या. फ्रेम तिनं माझ्याकडून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. दोन बॅगांपैकी एक उचलली आणि दुसरीकडे बघून मला म्हणाली, “ही धरा. चला लवकर, तो सोमवारी लवकर येतो.”

मी बॅग उचलली. तळहातावरचे फोड बॅगेच्या दांडीला लागून फुटले, आणि लिफ्टची वाट न बघता मी सावनीच्या मागोमाग जिना उतरायला लागले.